युफोनियम विकू नका : एका ट्रंपेटवादकाच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचे घराणे तीन पिढ्या सोलापुरात बँडपथक चालवत आहे. पथकात तीन पिस्टनची (बोटाने दाबायच्या कळांची) दोन जुनी युफोनियम आहेत; युफोनियम म्हणजे वर भोंगा असलेले, छातीशी धरून फुंकायचे मोठे पितळी वाद्य. त्यांचे खालचे स्वर चढे लागतात, आवाज कोंडल्यासारखा येतो, आणि हातगाडीवरच्या कीबोर्डमधून बेस मिळत असताना ही दोन वाद्ये व ती वाजवणारी दोन माणसे कशासाठी सांभाळायची, असे घरातील काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. तुम्ही स्वतः ट्रंपेट वाजवता, पण तुमचे मन युफोनियमकडे ओढ घेते आहे. म्हणून तुम्ही विचारले आहे की ही वाद्ये विकावीत, दुरुस्त करावीत की चार पिस्टनचे नवे घ्यावे; ट्रंपेट सोडून इकडे येताना काय करावे लागेल; आणि अकरा वर्षांच्या धाकट्या भावाच्या हाती हे वाद्य आताच द्यावे का.

मी २६ वर्षे पोलीस बँडमध्ये युफोनियम वाजवले आणि निवृत्तीनंतर सोलापुरातच पितळी वाद्यांची दुरुस्ती व शिकवणी करतो. माझे उत्तर आधी सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. वाद्ये विकू नका. नवे घेण्याचीही घाई करू नका. आधी जुन्या वाद्यांतील हवेची गळती शोधा, आणि दुरुस्त झालेले पहिले वाद्य पथकातील सर्वांत सुरेल माणसाच्या हाती द्या. आपल्याकडे बहुतेक पथकांत याच्या नेमके उलट होते. ट्रंपेटवर ज्याचे ओठ टिकत नाहीत, ज्याला चाल पाठ होत नाही, त्याला मागच्या रांगेत युफोनियम देऊन उभे केले जाते आणि पुढे वाद्यालाच दोष दिला जातो.

या चुकीचे मूळ नावात आहे. आपले वादक युफोनियमला सरसकट ‘बेस’ म्हणतात. ते बेसचे वाद्य नाही. त्याची नळी उलगडून सरळ केली तर ती सुमारे पावणेतीन मीटर भरते, म्हणजे जवळपास नऊ फूट. टेनर ट्रॉम्बोनची नळीही तेवढ्याच लांबीची असते. खऱ्या बेसचे काम करणाऱ्या बी फ्लॅट ट्यूबाची नळी याच्या दुप्पट, अठरा फुटांच्या आसपास असते. स्वरांच्या दृष्टीने युफोनियम ट्रंपेटच्या बरोबर एक सप्तक खाली आहे. गाणाऱ्या पुरुषाचा आवाज जिथे मोकळा वाटतो, तेच त्याचे घर. ट्रॉम्बोनशी लांबी सारखी असूनही आवाज वेगळा येतो, कारण ट्रॉम्बोनची नळी बऱ्याच अंतरापर्यंत एकाच रुंदीची असते, तर युफोनियमची नळी पिस्टन ओलांडल्यानंतर भोंग्यापर्यंत सतत रुंदावत जाते. अशा शंकूसारख्या रुंद नळीतून स्वराची धार कमी होते आणि गोलाई वाढते. बॅरिटोन हॉर्न या जवळच्या वाद्याचीही लांबी हीच, पण त्याची नळी अरुंद असते, त्यामुळे आवाज हलका आणि थोडा कोरडा येतो. तुमच्याकडची दोन्ही वाद्ये खरोखर युफोनियम आहेत की त्यांपैकी एक बॅरिटोन आहे, हे एकदा शेजारी ठेवून पाहा. जुन्या पथकांत ही सरमिसळ मला अनेकदा आढळली आहे.

वाद्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. पितळी नळीला व्हॉल्व्ह, म्हणजे पिस्टनसारखी हवेची वाट बदलणारी झडप, बसवण्याची युक्ती जर्मनीत स्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी शोधली आणि १८१८ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्यानंतर पाव शतकाच्या आत, १८४३ च्या सुमारास, वायमार येथील फर्डिनांड झोमर यांनी या घाटाचे वाद्य पुढे आणले. त्याच काळात पॅरिसमध्ये आडॉल्फ साक्स आपले सॅक्सहॉर्न हे याच जातीचे पितळी वाद्य घडवत होते. युफोनियम हे नाव ग्रीक शब्दावरून आले असून त्याचा अर्थ ‘गोड आवाजाचा’ असा आहे. ब्रिटिश लष्करी बँडांबरोबर ते आपल्याकडे आले, तिथून पोलीस बँडांत आणि वरातीच्या पथकांत शिरले. इंग्लंडमधील ब्रास बँडच्या ठरलेल्या रचनेत आजही सुमारे २५ वादकांमध्ये दोन युफोनियम असतातच, आणि त्यांपैकी पहिल्या वादकाला कॉर्नेटच्या (ट्रंपेटसारख्या लहान वाद्याच्या) प्रमुख वादकाच्या बरोबरीचा मान असतो. सिंफनी ऑर्केस्ट्रात मात्र त्याला कायमची जागा मिळाली नाही. म्हणजे बँड हेच त्याचे घर आहे, आणि बँडनेच त्याला बाहेर काढले तर त्याला जायला दुसरे दार नाही.

आता खालच्या स्वरांकडे येऊ, कारण तुमची मुख्य तक्रार तीच आहे आणि तिच्यात वादकाचा दोष कमी, गणिताचा अधिक आहे.

कोणताही पिस्टन न दाबता वाजणारा मूळ स्वर बी फ्लॅट, म्हणजे पेटीवरची काळी पाच. तो षड्ज मानला, तर केवळ ओठांच्या ताणाने सा, वरचा प, त्यावरचा सा, ग, प असे स्वर मिळत जातात. त्यातला गंधार पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा. ज्यांनी चांगला तंबोरा ऐकला आहे त्यांना तो गोड वाटतो. कीबोर्डच्या शेजारी उभे राहिलात की मात्र तो थोडा खाली वाटेल. वाद्य बिघडलेले नाही, एवढे त्यावरून समजावे.

मधले स्वर मिळावेत म्हणून पिस्टन नळीत वाढीव लांबी जोडतात. पेटीच्या लगतच्या, काळ्या-पांढऱ्या, पट्ट्या मोजल्या तर पहिला पिस्टन स्वर दोन पट्ट्यांनी उतरवतो, दुसरा एका पट्टीने, तिसरा तीन पट्ट्यांनी. मूळ नळी २७५ सेंटीमीटर धरली, तर पहिल्या पिस्टनची वाढीव नळी सुमारे ३४, दुसऱ्याची १६ आणि तिसऱ्याची ५२ सेंटीमीटर असावी लागते. एकेकटा पिस्टन दाबला तर हिशेब बरोबर जुळतो. तिन्ही एकदम दाबले की सहा पट्ट्या उतरायला हव्यात, आणि तेवढे उतरण्यासाठी ११४ सेंटीमीटरची वाढ हवी. पण ३४, १६ आणि ५२ मिळून १०२ च होतात. जवळजवळ १२ सेंटीमीटर नळी कमी पडते, म्हणून स्वर चढा लागतो. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग केले, तर त्यातल्या एका भागाला सेंट म्हणतात. या हिशेबाने तो स्वर ५० सेंटहून अधिक, म्हणजे अर्ध्या पट्टीहून जास्त चढतो. पहिला आणि तिसरा एकत्र दाबल्यास साडेसहा सेंटीमीटर कमी पडतात आणि स्वर सुमारे ३० सेंट चढतो. काळी पाच हा सा धरला, तर मधल्या सप्तकातला शुद्ध रिषभ आणि मंद्र पंचम पहिल्या-तिसऱ्यावर येतात, कोमल रिषभ आणि मंद्र तीव्र मध्यम तिन्ही पिस्टनांवर येतात. तुमच्या वादकांचे नेमके हेच स्वर चढे लागत असणार. ट्रंपेटवरही हेच होते, पण तिथे नळी निम्मी असल्याने बोटाने तिसरी स्लाइड (तिसऱ्या पिस्टनची आत-बाहेर सरकणारी नळी) किंचित सरकवून आपण ते सावरून घेतो. युफोनियमला बहुधा तशी सोय नसते.

या अडचणीवर लंडनच्या बूझी कंपनीतील डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ मध्ये जो उपाय काढला, तो आजही उत्तम युफोनियममध्ये वापरला जातो. त्याला कॉम्पेन्सेटिंग पद्धत म्हणतात. शेवटचा पिस्टन दाबला की हवा पुन्हा एकदा उरलेल्या पिस्टनांतून फिरून येते आणि तिथे बसवलेल्या छोट्या नळ्या कमी पडणारी लांबी आपोआप भरून काढतात. काम सुंदर आहे, पण पितळ वाढते, वजन वाढते आणि किंमत फार वाढते.

तुमच्या साध्या वाद्यांवर करण्यासारखा उपाय असा. तिसऱ्या पिस्टनची स्लाइड दीड सेंटीमीटर बाहेर ओढून ठेवा. स्लाइड दुहेरी असल्यामुळे नळी तीन सेंटीमीटर वाढते. त्यामुळे दुसरा-तिसरा एकत्र दाबून येणारा स्वर बरोबर लागेल आणि पहिल्या-तिसऱ्याचा चढेपणा निम्म्यावर येईल. उरलेला ओठ सैल सोडून उतरवता येतो. एकट्या तिसऱ्या पिस्टनचा स्वर मग उतरेल, पण त्याची गरज नसते, कारण तोच स्वर पहिला-दुसरा एकत्र दाबून मिळतो. काही कारागीर तिसरी नळी मुळातच थोडी लांब ठेवतात, म्हणून हे अंतर फूटपट्टीने मोजून ठरवू नका. पेटीवर पंचम धरून ठेवा, कानाने जुळवा, आणि जुळेल तिथे स्लाइडवर बारीक खूण करा. तिन्ही पिस्टनांचा स्वर या उपायानेही पूर्ण सुधारणार नाही. गाण्याची पट्टी ठरवताना तो स्वर ठेक्यावर लांब धरावा लागणार नाही, एवढे बँडमास्तरांनी पाहावे.

हे सर्व वाद्यातून हवा गळत नसेल तरच उपयोगाचे आहे. ‘आवाज कोंडल्यासारखा येतो’ हे तुमचे वाक्य वाचल्याबरोबर मला गळतीची शंका आली. परीक्षा घरीच करता येते. एका पिस्टनची स्लाइड, पिस्टन न दाबता, दोन-तीन सेंटीमीटर बाहेर ओढा, दहापर्यंत मोजा आणि मग पिस्टन दाबा. ‘टप्प’ असा आवाज आला तर पिस्टन आणि त्याचे घर एकमेकांना घट्ट आहेत. काहीच आवाज आला नाही तर हवा कडेने निसटते आहे. ती थोडी असेल तर थोडे जाडसर व्हॉल्व्ह ऑइल वापरून काही वर्षे काढता येतात. फार असेल तर पिस्टनवर निकेलचा थर चढवून, घासून पुन्हा घरात बसवावा लागतो. हे काम घाईत करून घेऊ नका.

पिस्टन तपासण्याआधी मात्र पाणी सोडण्याच्या खटक्याचे बूच पाहा. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते वाळून कडक होते, त्याला चीर पडते आणि तिथून हवा जाते. काही रुपयांच्या बुचाने बरे झालेले वाद्य लोकांनी मोडीत घातलेले मी पाहिले आहे. त्यानंतर पिस्टनच्या टोपीखालचे फेल्ट, म्हणजे लोकरीची चकती, पाहा. ते झिजून पातळ झाले किंवा कोणी जाड तुकडा घातला, तर पिस्टनची भोके नळीच्या भोकांसमोर नेमकी येत नाहीत आणि हवेला अर्धवट बंद दारातून जावे लागते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मला मिळालेल्या वाद्यात कोणीतरी घोंगडीचे तुकडे कापून घातले होते. मी दोन वर्षे माझ्याच श्वासाला दोष देत राहिलो. एका वृद्ध दुरुस्तीकाराने पिस्टन उघडले, तुकडे बदलले, आणि त्याच संध्याकाळी माझा पंचम मला प्रथमच मोकळा ऐकू आला. त्या दिवसापासून विद्यार्थी कितीही नवा असो, मी आधी त्याचे वाद्य उघडून पाहतो आणि मगच त्याचे वादन ऐकतो.

भोंग्यावरचे पोचे दिसायला वाईट दिसतात, पण आवाजाला त्यांचा फारसा त्रास होत नाही. माउथपीसजवळच्या बारीक नळीतला छोटा पोचा मात्र स्वर बिघडवतो. खर्च करायचा तर तिथे करा. त्याच नळीवर गुलाबी डाग दिसतात का, हेही पाहा. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण; श्वासातील ओल आणि लाळ यांमुळे आतून जस्त निघून जाते आणि मागे ठिसूळ तांबे उरते. तो डाग बाहेर दिसू लागला की नळी आतून कुजली असे समजावे. वरून झाळ देऊन तो बुजवू नये, तेवढा तुकडा बदलावा. झाळकामात हात बसलेला तांबटही हे करू शकतो, पण पिस्टनजवळ त्याला जाळ नेऊ देऊ नका. उष्णतेने पिस्टनचे घर वाकडे झाले तर ते पुन्हा सरळ होत नाही.

देखभालीबद्दल एकच आग्रह धरतो. पिस्टनला खोबरेल तेल घालू नका. आपल्या हिवाळ्यातील पहाटे ते गोठते आणि पिस्टन वर येत नाहीत. बाहेरचे पितळ चिंचेने उजळायला हरकत नाही, पण पिस्टन आणि स्लाइड यांना चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लागता कामा नये. वरातीहून आल्यावर पाणी काढून टाका. आठवड्यातून एकदा पिस्टन मऊ कापडाने पुसून तेल द्या, आणि महिन्यातून एकदा नळीत कोमट पाणी फिरवा.

नवे वाद्य घ्यायचेच झाले तर चार पिस्टनचे घ्यावे का? वरातीसाठी माझे उत्तर नकारार्थी आहे. चौथा पिस्टन स्वर पाच पट्ट्यांनी उतरवतो, म्हणजे पहिल्या-तिसऱ्याचे चढे स्वर तो एकटाच नीट देतो आणि खालचे सप्तकही उघडते. बसून वाजवणाऱ्या बँडमध्ये, लिखित संगीतासाठी, तो हवाच. पण वरातीत वाजणाऱ्या चाली क्वचितच तेवढ्या खाली जातात, आणि कॉम्पेन्सेटिंग पद्धतीचे वाद्य साडेचार किलोच्या आसपास भरते. ते छातीशी धरून बाळीवेशीपासून सिद्धेश्वर मंदिरापर्यंत हळूहळू चालत वाजवणे म्हणजे काय, हे डाव्या मनगटालाच कळते. शिवाय चौथा पिस्टन बहुधा बाजूला असतो आणि तो डाव्या हाताने दाबावा लागतो; ज्या हाताने वाद्य पेलायचे त्याच हाताचे बोट मोकळे ठेवायचे, हे चालताना अवघड जाते. रस्त्यासाठी तीन पिस्टनचे, हलके, घट्ट पिस्टनांचे वाद्य पुरेसे आहे. मेरठची जली कोठी हा भाग बँडच्या वाद्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथल्या नादिर अली कंपनीची स्थापना १८८५ ची आहे. तिथून वाद्य मागवण्यापेक्षा एक माणूस स्वतः जाऊन, पेटीवर किंवा मोबाइलच्या ट्यूनरवर स्वर तपासून, चार-पाच वाद्यांतून एक निवडून आणणे केव्हाही चांगले. एकाच हाताने घडवलेल्या दोन वाद्यांतही फरक असतो. माउथपीस त्याच वाद्याबरोबर पारखून घ्या. जुन्या वाद्यांच्या नळीचे तोंड बारीक असते, मोठ्या बोअरच्या (रुंद पोकळीच्या) नव्या वाद्यांचे रुंद. एकाचा माउथपीस दुसऱ्यात कागद गुंडाळून बसवला तर सारे स्वर आपापल्या जागेवरून हलतात.

सोलापुरात वाजवणाऱ्याला हवामानाचा विचार करावाच लागतो. हवा तापली की तिच्यातून ध्वनी वेगाने जातो आणि वाद्याचा सूर चढतो. २० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ४० अंशांना ३५५ च्या आसपास. नळीतील सगळीच हवा बाहेरच्या तापमानाची असती, तर या फरकाने सूर अर्ध्या पट्टीहून जास्त चढला असता. श्वासाची ऊब आत असल्यामुळे प्रत्यक्षात तेवढा चढत नाही, पण कानाला खुपेल इतका नक्की चढतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत सकाळी जुळवलेले वाद्य आणि मे महिन्यात दुपारच्या वरातीत वाजणारे वाद्य, या दोघांची मुख्य स्लाइड, म्हणजे सगळ्या वाद्याचा सूर जुळवण्याची सरकती नळी, एकाच खुणेवर असू शकत नाही. मुख्य स्लाइड एक सेंटीमीटर ओढली की सूर सुमारे १२ सेंट उतरतो, हा हिशेब लक्षात ठेवा. कीबोर्डला उन्हाने फरक पडत नाही, म्हणून उन्हाळ्यात पितळी वाद्ये वर जातात, कीबोर्ड जागेवर राहतो, आणि ‘युफोनियम बेसूर आहे’ असा निवाडा होतो. वाद्य उन्हात ठेवू नका, निघण्यापूर्वी पाच मिनिटे त्यात ऊब भरा, आणि पहिल्या गाण्यानंतर पुन्हा जुळवा. एकदाच जुळवून तीन तास वाजवण्याची आपली सवय वाईट आहे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पथकात त्याचे काम. कीबोर्डमधून बेस मिळतो हे खरे आहे, आणि म्हणूनच युफोनियमला बेसचे काम देऊ नका. कीबोर्ड जिथे सा आणि प धरतो, तिथेच दोन युफोनियमही सा आणि प धरून उभी राहिली तर खालचा आवाज गढूळ होतो आणि त्या दोन माणसांचा श्वास वाया जातो. पहिल्या युफोनियमला चाल द्या. ट्रंपेट आणि क्लॅरिनेट जी चाल वाजवतात तीच, बरोबर एक सप्तक खाली. युफोनियमच्या स्वरात त्याचा दुप्पट, चौपट कंपनसंख्येचा स्वर आधीच मिसळलेला असतो. ट्रंपेट नेमका त्यावर येऊन बसतो. त्यामुळे ट्रंपेट मोठा न वाजवताही भरदार वाटतो, त्याची कर्कशता झाकली जाते, आणि वादकांचे ओठ तिसऱ्या तासापर्यंत टिकतात. युफोनियम थांबवून तीच ओळ पुन्हा ऐका. ट्रंपेट एकदम पोरका वाटेल. हा प्रयोग तुमच्या वडीलधाऱ्यांसमोर एकदा करा. माझ्या लेखनापेक्षा त्याने काम लवकर होईल.

दुसऱ्या युफोनियमला ओळींच्या मधल्या जागा द्या. मूळ गाण्यात गायक श्वास घेतो तिथे व्हायोलिन किंवा सतार जो छोटा तुकडा वाजवते, तो आपल्या पथकांत बहुधा कीबोर्डकडे जातो किंवा सुटूनच जातो. तो युफोनियमवर फार शोभतो, कारण चाल ट्रंपेटकडून खालच्या आवाजाकडे येते आणि पुन्हा वर जाते; ऐकणाऱ्याला दोन माणसे बोलत आहेत असे वाटते. संथ गाणे, अभंग, मुलीच्या पाठवणीचे गाणे, काही घरांत अंत्ययात्रेसोबत वाजणारे भजन, अशा ठिकाणी तर ट्रंपेटला पूर्ण विश्रांती द्यावी आणि पहिले कडवे एकट्या युफोनियमने म्हणावे. मी ‘म्हणावे’ असेच लिहितो आहे, कारण तिथे ते वाद्य शब्द उच्चारत असल्यासारखे वाटते. अर्धा पिस्टन दाबून आणि ओठ सैल सोडून त्यावर मींड काढता येते. दीर्घ स्वरावर जबड्याच्या हलक्या हालचालीने आंदोलन येते. पेटीवर ही मींड नाही.

उभे राहण्याच्या जागेचाही विचार करा. भोंगा वर असल्यामुळे आवाज आकाशाकडे जातो. नवी पेठ किंवा मधल्या मारुतीजवळच्या दाट वस्तीत दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून तो परत येतो आणि सगळा रस्ता भरून टाकतो. मोकळ्या मैदानात तो निघून जातो. तिथे दोन्ही युफोनियम पुढे, क्लॅरिनेटच्या शेजारी आणा. ती ढोलांच्या लगेच पुढे उभी करण्याची पद्धत तर सोडूनच द्या. ढोलाचा धपका आणि युफोनियमचे खालचे स्वर जवळपास एकाच पट्ट्यात ऐकू येतात, आणि त्यात ढोलच जिंकतो.

तुम्ही स्वतः इकडे येऊ इच्छिता ही मला सर्वांत आनंदाची गोष्ट वाटली. बोटांचे तुम्हाला काहीच नवे शिकायचे नाही. ब्रास बँडमध्ये युफोनियमचे संगीत ट्रंपेटसारखेच लिहिले जाते आणि बोटेही तीच. फक्त वाजते एक सप्तक खाली. बदलायचा आहे तो श्वास. ट्रंपेटच्या माउथपीसच्या वाटीचा व्यास १६-१७ मिलिमीटर असतो, युफोनियमचा २५-२६. ओठांचा मोठा भाग थरथरतो आणि त्याला दाब कमी, पण हवा पुष्कळ लागते. ट्रंपेटवादक सवयीने ओठ आवळून, बारीक धारेने फुंकतो. त्यामुळे युफोनियम बारीक, नाकातल्यासारखे वाजते. पहिले सहा आठवडे ट्रंपेट शक्यतो पेटीतच राहू द्या. धंद्यासाठी काढावीच लागली, तर युफोनियमचा रियाज सकाळी आणि ट्रंपेट संध्याकाळी, मध्ये बराच वेळ सोडून.

रियाज खर्जापासून करा. गवई पहाटे खर्ज भरतो तसाच. मूळ सा घ्या, घड्याळात आठ सेकंद, एकाच जाडीने, सुरुवातीला जिभेचा ठोका न मारता. मग पिस्टन एकेक दाबत पट्टी-पट्टीने खाली उतरा. दहा मिनिटे एवढेच. त्यानंतर पिस्टन न दाबता सा-प-सा, प-सा-ग असे स्वर श्वास न तोडता जोडा. गाल फुगू देऊ नका, आणि वरच्या स्वरासाठी माउथपीस ओठांवर दाबू नका. वरचा पंचम बहुतेक युफोनियमवर चढा लागतो, तो ऐकून उतरवायची सवय सुरुवातीपासूनच लावा. मग एखादा परिचित अभंग आधी गा आणि लगेच वाजवा. गाताना जिथे श्वास घेतला तिथेच वाजवताना घ्या. साधारण तिसऱ्या महिन्यात आवाजात वजन येऊ लागते. त्याआधी पथकात पहिल्या युफोनियमची जागा घेऊ नका, दुसऱ्या जागेवर उभे राहा.

धाकट्या भावाबद्दल लिहितो. अकरा वर्षांच्या मुलाला मोठे युफोनियम उभ्याने पेलत नाही. तो भोंगा सांभाळण्यासाठी मान आणि पाठ वाकवतो आणि श्वास तिथेच अडतो. त्याला कॉर्नेट द्या, कारण कॉर्नेटचीही नळी बरीचशी शंकूसारखी असते आणि गोल आवाजाची गोडी त्याला तिथेच लागेल. युफोनियमचाच हट्ट असेल, तर खुर्चीवर बसवून, मांडीवर घडी घातलेली सोलापुरी चादर ठेवून, त्यावर वाद्य टेकवू द्या; भोंग्याचे वजन चादरीवर, आणि माउथपीस त्याच्या तोंडाच्या उंचीवर आला पाहिजे, तोंड माउथपीसकडे वाकता कामा नये. रोज १५ मिनिटे पुरेत. तुमची वाद्ये मला दाखवायची असतील तर दोन्ही एकाच वेळी आणा, पिस्टनच्या टोप्या न उघडता, आणि सध्या वापरात असलेले माउथपीस त्यांच्याच वाद्यांत बसवलेले असू द्या.